जानेवारीची वाट जुलैत धरली: हँगर गेला, कुणाचा तरी बांधही फुटला

चेन_उतरली (रविवार, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. सायकल बाथरूममध्ये आडवी पडली आहे, मोरीच्या जाळीत भाताची दोन रोपं अडकलीत आणि नवरा शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेलाय. दोन प्रश्न आहेत, पण आधी घडलं ते सगळं सांगते. नाहीतर पहिली दहा उत्तरं 'ताई, नक्की काय झालं?' अशीच येतील.

आमच्या सोसायटीतले सात जण महिन्यातून एका रविवारी लांब जातो. या खेपेचा बेत: कोथरूड, चांदणी चौक, पिरंगुट, पौड, तिथून उजवीकडे कोळवण, हाडशी, खिंड चढून जवण, तिकोना पेठ, पवनानगर, आणि कामशेतहून लोकलने परत. सत्तरेक किलोमीटर, सगळं डांबरी. मी दोनदा केलेला रस्ता आहे हा. पण आमच्यात एक जण आहे, ज्याची 29 इंची एमटीबी (डोंगरी सायकल) तीन आठवड्यांची आहे आणि सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. त्याने कुठूनशी एक जीपीएक्स फाइल (कुणीतरी नोंदवलेला रस्ता, मोबाइलच्या नकाशात उघडतो) पैदा केली. "ताई, जवणच्या अलीकडे चार किलोमीटरचा कच्चा तुकडा आहे. थेट धरणाच्या अंगाला निघतो. फोटो तर बघा." फोटोत गुडघाभर सोनेरी गवत, धुळीतल्या दोन चाकोऱ्या, मागे तिकोना. मी म्हटलं, चालेल. हे 'चालेल' माझं आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

गवत सोनेरी होतं, तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. आम्ही आषाढात निघालो होतो.

पौडपर्यंत भुरभुर. कोळवणला चहा आणि कांदाभजी. हाडशीच्या पुढे चढावर धुकं इतकं की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता. साडेअकराला डांबरी सोडली. पहिला किलोमीटर मुरुमाचा, मस्त. एमटीबीवाला दोनदा मागे वळून 'बघा' अशा नजरेने पाहून झाला. मग वाट खाचरांत उतरली.

हा चिखल मी पुण्यात पाहिलेला नाही. रस्त्यावरचा राडा पातळ असतो, उडतो, धुतला की जातो. हा उडत नाही, चिकटतो. चाकाचे दोन फेरे झाले की टायरवर एक थर, चौथ्या फेऱ्याला तो थर फ्रेमला टेकतो, आणि मग चाक थांबतं. ब्रेक न दाबता. काडीने खरवडायचं, चार पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. माझी हायब्रिड (रस्त्याची सायकल आणि एमटीबी यांच्या मधली), टायर 38 मिलिमीटर रुंद. बँकवाले काका (वय 63, साधी बिनगिअरची सायकल, मडगार्डसकट) सर्वांत आधी अडकले, कारण मडगार्डच्या आत चिखलाची कणीक भरली. काकांनी शांतपणे खिशातून दहा नंबरचा पाना काढला, दोन्ही मडगार्ड उतरवली, सुतळीने पाठीवर बांधली आणि म्हणाले, "चला." दिवसभरात कुणी काही शहाणपणाचं केलं असेल तर एवढंच.

मी काय केलं? चाक जड लागतंय म्हणून पेडल आणखी जोरात मारलं. मागून कर्र असा आवाज आला, मी आणखी एक जोर दिला. काड. खाली पाहिलं तर आरडी (मागचे गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये गेलेला, चेन लोंबतेय, आणि आरडी फ्रेमला ज्याने लटकतो त्या हँगरचे दोन तुकडे.

या भानगडीत पुढचे तिघे निघून गेले होते. एमटीबीवाला, त्याचा मित्र, आणि बी विंगमधला बारावीचा मुलगा. पुढे एक फाटा लागला. चिखलात चाकांच्या खुणा असायला हव्यात ना? दोन्ही वाटांवर फक्त पाणी वाहत होतं. नेटवर्क शून्य. आम्ही चौघं (मी, काका, डॉक्टरीणबाई आणि तिचा दीर) डावीकडे गेलो. ते उजवीकडे गेले होते, हे साडेचारला कळलं.

डावीकडची वाट शंभर पावलांवर संपली. संपली म्हणजे तिचं खाचर झालं. नुकती चिखलणी केलेलं, घोटाभर पाणी, कडेला रोपांच्या जुड्या. परत फिरावं तर येताना ओलांडलेला ओढा तासाभरात गुडघ्यावरून मांडीपर्यंत आला होता. म्हणून बांधावरून सायकली ढकलत निघालो. बांध वीतभर रुंद, वर हिरवळ. काका गेले, डॉक्टरीणबाई गेली. माझी सायकल एका अंगाला कलली, मी दुसऱ्या अंगाला पाय रोवला, आणि बांधाचा हातभर तुकडा माझ्यासकट खालच्या खाचरात बसला. वरचं सगळं पाणी त्या खिंडारातून खाली. चहाच्या रंगाचं, भसाभसा.

पलीकडून एक आजी आल्या. डोक्यावर इरलं, कासोटा वर खोचलेला. आरडाओरडा केला नाही, हेच जास्त लागलं. "कुनी सांगितलं हितनं जायला?" मी मोबाइल दाखवला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही. "वाट हाय बाई. पन दिवाळीनंतर. भात काढल्याव." मग खाली वाकून दोन्ही हातांनी चिखलाचे गोळे उचलून त्या भगदाडात थापू लागल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू आधी भाईर व्हय." नातवाला हाक मारली, त्याने आम्हाला वाडीपर्यंत आणलं. काका कुडकुडत होते, तर त्यांना एका रिकाम्या गोणीची खोळ करून दिली, एक कोपरा दुसऱ्यात खोचून. वाडीतून छोटा हत्ती मिळाला, चार सायकली आणि चार माणसं कामशेतपर्यंत, 1200 रुपये. पवनानगरला नेटवर्क आलं तेव्हा बारावीच्या मुलाच्या आईचे 17 मिस्ड कॉल. पोरगा तिथेच टपरीवर वडापाव खात बसलेला.

आता प्रश्न. एक, हँगर कुठला घ्यायचा, आणि पुन्हा असं झालं तर रस्त्यातच काही करता येतं का? दोन, त्या बांधाचं काय करू? आजींना मी फक्त 'सॉरी हं' म्हणाले. इंग्रजीत. ते डोक्यातून जात नाहीये.

पाना_पक्कड (रविवार, रात्री 11:25)

ताई, हँगर तुटला हे चांगलं झालं असं समजा. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, तुटायचंच तर त्याने तुटावं, फ्रेमने नाही. पण हँगर बहुतेक फ्रेमचा वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचासुद्धा बसेलच असं नाही. तुकडे फेकले नसतील तर दोन्ही घेऊन दुकानात जा, शेजारी ठेवून जुळवा, फोटोवरून मागवू नका. आणि एक घेणार असाल तर दोन घ्या, दुसरा सीटखालच्या पिशवीत टेप मारून ठेवा.

तुटला का, ते तुम्हीच लिहिलंय: कर्र वाजल्यावर आणखी एक जोर. बहुतेक वेळा चिखल एकटा नसतो. चिखलाबरोबर गवत येतं, ते आरडीच्या खालच्या पुलीत गुंडाळतं, चेन पुढे सरकत नाही, आणि पाय मात्र ढकलतोय. मग आरडीच वर ओढला जातो आणि स्पोकमध्ये घुसतो. आवाज बदलला की पाय थांबवायचा. बस.

रस्त्यात करता येतं. चेन टूल (चेनची पिन काढायचं हत्यार) पाहिजे आणि एक क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी). चेन तोडायची, आरडी काढून पिशवीत टाकायचा. मग चेन पुढच्या मधल्या चकतीवर आणि मागे साधारण मधल्या दात्यांवर, रेषा सरळ राहील अशी ओढून पाहायची, जास्तीच्या कड्या काढायच्या, जोडायची. एक गिअर मिळतो. चेन थोडी सैल राहते, चढावर उडते, तिथे उतरून चालायचं. पण सपाटीवर घरी येता येतं. माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाने ताम्हिणीहून असं आणलंय.

मडगार्ड काढणाऱ्या काकांना माझा नमस्कार सांगा. तुमच्या सायकलीला जुने, रिमला दाबणारे व्ही ब्रेक असतील तर ब्रेकच्या हातांशीही तसाच चिखल भरतो. डिस्क असेल तर तिथे जागा मोकळी राहते, पण पॅड बघा, रेझिनचे असतील तर एका अशा दिवसात बरेच झिजू शकतात. आणि कृपा करून वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरचा फवारा मारू नका. हबमध्ये आणि मधल्या ॲक्सलमध्ये पाणी घुसतं, ग्रीस धुऊन जातं, महिन्याभराने कटकट सुरू होते. बादली, मग, जुना टूथब्रश.

कोरडे_पाषाण (सोमवार, सकाळी 7:05)

जुलैत खाचरात सायकल घालणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बूट घालून जाणं. बाकी लिहिलंय छान.

शेवटचा_भिडू (सोमवार, सकाळी 9:30)

पाषाण, तुम्ही स्वतः मागच्या वर्षी कुठे रुतला होतात ते लिहू का इथे?

ताई, हँगर आणि बांध दोन्हींचं लोकांनी बघावं, मला तिसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते, जी तुम्ही एका परिच्छेदात उरकलीत. बारावीचा पोरगा पाच तास कुठे आहे हे लीडला (गट नेणाऱ्याला) माहीत नाही. ओढा चढलेला. तो त्या तिघांत एकटा मागे पडला असता आणि ओलांडायला गेला असता तर?

आमच्या ट्रेकच्या गटात तीस वर्षांपासूनचा एकच नियम, सायकलीवरही तोच लावतो. फाटा आला की जो पुढे आहे तो तिथे उभा राहतो. मागचा माणूस डोळ्यांना दिसला, त्याने हात वर केला, मगच निघायचं. तो पुन्हा पुढच्या फाट्यावर तेच करेल. कुणाला पूर्ण रस्ता माहीत असण्याची गरज नाही, फोन लागण्याचीही नाही. आणि मागचा कितीही वेळ आला नाही तर पुढचा *परत* येतो, पुढे जात नाही. हे सकाळी निघताना सांगावं लागतं, दर वेळी, ऐकणारे कंटाळले तरी.

दुसरं, परत फिरायची वेळ आधी ठरवा. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या कुशीत ढगाळ हवेत सहालाच दिसेनासं होतं. तुम्ही ओढा ओलांडलात तेव्हाच 'हा वाढला तर?' हा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारायला हवा होता.

चेन_उतरली (सोमवार, दुपारी 1:15)

शेवटचा_भिडू, मान्य. उरकलं, कारण लाज वाटत होती. त्याच्या आईशी काल रात्री समोरासमोर बसून बोलले. पुढच्या महिन्यात तो येणार नाहीये, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

पाना_पक्कड, तुकडे दोन्ही आहेत, कपबशांच्या कपाटात. फवाऱ्याबद्दल उशीर झाला, नवऱ्याने सकाळीच नेली.

मावळचा_गडी (सोमवार, रात्री 8:50)

मी पवन मावळातला. नोकरी चिंचवडला, घरी भात आहे. ताई, तुमची वाट मला बरोबर कळली. ती गाडीवाट आहे. भात झोडून झाला की गवत आणि पोती आणायला तीच वापरतात, जानेवारीत तुमच्या त्या फाइलवाल्याने धूळ उडवत छान सायकल चालवली असेल. पण पाऊस लागला की वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी काढायला आम्ही तीच वाट फोडतो. ती वाट सहा महिने वाट असते आणि सहा महिने पाट. नकाशात हे कुठे दिसणार.

आमच्याकडे एक शब्द आहे, वाफसा. जमिनीत ओल आहे पण पाय रुतत नाही, औत चालतं, अशी अवस्था. मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. नुसता चिकटून राहिला तर घरी बसायचं. सायकलवाल्यांनाही ही परीक्षा चालेल. पण खाचराला मात्र जुलैत वाफसा येत नाही, येऊ द्यायचाच नसतो. पाणी धरून ठेवायचं असतं.

बांधाचं सांगतो. हातभर बांध घालायला आजीबाईंना पंधरा मिनिटं लागली असतील. पाणीही दोन सरींत परत भरतं. त्यासाठी झोप घालवू नका. पण एक आठवून सांगा, त्या वरच्या खाचरात खत टाकलेलं होतं का? चिखलणीच्या शेवटच्या पाळीला आमच्याकडे खत फोकतात, म्हणजे हाताने पसरून टाकतात, आणि मग लावणी करतात. गोळी खत असेल तर काळजी नाही, ते लावणीनंतर चार चुडांच्या (रोपांच्या ठोंबांच्या) मधे बोटभर खोल खोचतात, जागचं हलत नाही. पण फोकलेलं असेल तर ते पाण्यात विरघळलेलं असतं. बांध फुटला की पाणी जातं, पाण्याबरोबर खतही जातं. पाणी पाऊस देतो. खत नाही देत.

चेन_उतरली (सोमवार, रात्री 9:20)

गडी भाऊ, मला कसं कळणार खत होतं की नाही, असं लिहायला बसले होते. मग काकांचा फोटो आठवला. टेम्पोत काढलेला, पाठीवर मडगार्ड, डोक्यावर गोणीची खोळ, आम्ही सगळे हसतोय. मोठा करून पाहिला. काकांच्या कपाळावर उलट्या अक्षरांत 'युरिया'.

गोणी आतून कोरडी होती. म्हणजे त्याच दिवशी रिकामी झालेली.

मावळचा_गडी (सोमवार, रात्री 9:45)

मग गेलं असणार. सगळं नाही, खालच्या खाचरातही त्यांचंच भात असेल तर तिथे थोडं मुरलं असेल. खालचं दुसऱ्याचं असेल तर त्याला यंदा फुकट खत.

युरियाची गोणी 45 किलोची, छापील भाव 266 रुपये 50 पैसे. तुमच्या टेम्पोभाड्यात चार आल्या असत्या. पैशाचा प्रश्न नाही हो. लावणीच्या आठवड्यात गोणी वेळेवर हाताला लागत नाही, हा आमच्या घरचा दरवर्षीचा अनुभव. जायचं असेल तर पैसे घेऊन जाऊ नका, गोणी घेऊन जा.

कोरडे_पाषाण (सोमवार, रात्री 10:10)

आणि डांबरीवरून जा.

चेन_उतरली (पुढचा रविवार, संध्याकाळी 6:30)

जाऊन आले. लिहिते, कारण तिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

काकांच्या गाडीतून गेलो. वाटेत एका कृषी सेवा केंद्रात म्हटलं, युरियाची एक गोणी द्या. दुकानदाराने मशीन पुढे केलं, आधार नंबर सांगा आणि अंगठा ठेवा. ठेवणार तोच त्याने विचारलं, "शेती कुठं?" मी म्हटलं, कोथरूड. त्याने मशीन मागे घेतलं. काकांनी मदत म्हणून सांगितलं की हिच्या बाल्कनीत बारा कुंड्या आहेत. त्यानंतर तर काही बोलायलाच उरलं नाही.

मग रिकाम्या हाताने वाडीत. आजी पडवीत बसून पायाच्या भेगांना काहीतरी चोळत होत्या. ओळखलं नाही. मी 'बांध' म्हटल्यावर ओळखलं. खताचं विचारलं तर म्हणाल्या, "व्हतं की. सकाळीच फोकलं व्हतं." त्या दिवशी हे त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. खालचं खाचर त्यांच्या दिराचं आहे, आणि दिराशी त्यांचं बोलणं नाही. यावर मी आणि काका दोघंही बराच वेळ गप्प बसलो.

नातू काकांबरोबर गाडीतून त्याच दुकानात गेला. अंगठा त्याचा, पैसे माझे. काका सांगत होते, दुकानदार या खेपेला हसला. गोणी पडवीत उतरवली तेव्हा आजींनी ती वरून हाताने चाचपली, शिवण बघितली, आणि म्हणाल्या, "लय उशीर केलासा. लावनी झाली आमची." मग जरा थांबून, "ऱ्हाऊ दे. दुसऱ्या हप्त्याला लागंल."

निघताना विचारलं, सायकल कुठाय? मी म्हटलं, मोडली. काय मोडलं, म्हणाल्या. हँगरला मराठीत काय म्हणायचं ते मला सुचेना, मी बोटांनी आकार करून दाखवला. "खुंटी?" म्हणाल्या. हो, खुंटीच.

पाना_पक्कड, खुंटी आली काल. तुम्ही सांगूनही फोटोवरून मागवली. तिला दोन भोकं आहेत, माझ्या फ्रेमला एक.